कुलाब्यातले भूमितीचे परिसंवाद

भूमिती, टोपॉलॉजी आणि भौतिकशास्त्र या तीन विषयांचे अभ्यासक एकत्र येऊन परिषदा भरवतात, ही गोष्ट आज जगभर नेहमीची झाली आहे. मुंबईत या परंपरेचे घर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे, समुद्राला लागून ती उभी आहे. १९५६ पासून या संस्थेत गणिताचे आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरत आले. त्यांचे विषय त्या काळी शुद्ध गणितातलेच समजले जात, व्यवहाराशी किंवा प्रयोगशाळेशी त्यांचा काही संबंध असेल असे कोणाला वाटत नव्हते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यांतल्याच कितीतरी कल्पना मूलकणांच्या आणि कृष्णविवरांच्या अभ्यासाला लागू पडल्या. हे कसे घडले ते समजण्यासाठी संस्थेच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची योजना मांडली. १ जून १९४५ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. बंगला भाभांच्या नात्यातल्या बाईंचा होता आणि संस्थेला त्यातला काही भागच मिळाला होता. १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कॉलव्हिल यांनी उद्घाटन केले. जागा अपुरी पडू लागली तेव्हा १९४९ मध्ये संस्था अपोलो बंदरावर, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या आजच्या वास्तूची कोनशिला जवाहरलाल नेहरू यांनी १९५४ च्या आरंभी बसवली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी तिचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले.

भाभा स्वतः सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. तरीही गणिताला आपल्या संस्थेत त्यांनी भौतिकशास्त्राच्या बरोबरीचे स्थान दिले. संस्थेच्या पहिल्याच काळात त्यांनी बोलावलेले गणिती म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबें येथे १९०७ मध्ये जन्मलेले कोसंबी तोवर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. इतिहासकार म्हणून मराठी वाचकाला त्यांची ओळख आहे, पण त्यांचा मूळ विषय भूमिती. त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला होता. मुलाचे कार्यक्षेत्र त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला ठरले. दामोदर कोसंबी राहायला पुण्यातच होते. दख्खनच्या राणीने सकाळी मुंबईला येणे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतणे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता.

कोसंबींच्या भूमितीत भौतिकशास्त्राचे बीज होते. फेकलेला चेंडू, सूर्याभोवती फिरणारा ग्रह किंवा एखादी लाट कोणत्या वाटेने जाईल, हे द्वितीय क्रमाच्या अवकल समीकरणांवरून ठरते. अशा सगळ्या वाटांचा समूह दिला, तर त्यावरून अवकाशाची वक्रता काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. १९३३ मध्ये एका जर्मन गणिती नियतकालिकात त्यांचा निबंध आला, आणि त्याच्याच जोडीला थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांचे त्यावरील विवेचनही छापले गेले. पुढे शीइंग-शेन चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा विषय कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत या नावाने शिकवला जातो. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठाने कोसंबींना भूमिती शिकवण्यासाठी पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावले होते. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी असलेला संबंध संपला.

गणित विभागाला शिस्त आणि आकार दिला तो के. चंद्रशेखरन यांनी. प्रिन्स्टनहून ते १९४९ मध्ये मुंबईत आले. देशात त्या वेळी आधुनिक भूमिती आणि टोपॉलॉजी शिकवणारे फार थोडे होते. टोपॉलॉजी म्हणजे आकार ताणला, दाबला, वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचे शास्त्र. हे सगळे शिकायला मुलांना परदेशी पाठवण्याऐवजी त्या विषयांचे निर्माते इथे बोलवावेत, असा मार्ग चंद्रशेखरन यांनी घेतला. पाहुणा दोन-चार दिवसांसाठी येत नसे. काही आठवडे, कधी काही महिने तो मुंबईत राहून व्याख्यानमाला देई. ती उतरून काढण्याचे काम संस्थेतल्या एखाद्या तरुण विद्यार्थ्यावर सोपवलेले असे.

या पद्धतीचे मर्म उतरून काढण्यातच होते. फळ्यावर ‘हे उघड आहे’ म्हणून सोडून दिलेली पायरी वहीत तशीच ठेवता येत नसे. विद्यार्थी ती सिद्धता स्वतः भरून काढी, अडला तर पाहुण्याला गाठून विचारी. मग मजकूर टंकलिखित होई, त्याच्या प्रती काढून बांधल्या जात आणि जगभरच्या ग्रंथालयांत जात. लॉरां श्वार्त्झ यांची संमिश्र वैश्लेषिक मॅनिफोल्डवरची (म्हणजे कितीही मितींच्या वक्र अवकाशांवरची) व्याख्याने १९५५ मध्ये एम. एस. नरसिंहन यांनी उतरवली. कार्ल लुडविग झीगेल यांची वर्गरूपांवरची व्याख्याने के. जी. रामनाथन यांनी, तर झां-लुई कोझूल यांची तंतुबंडले आणि अवकल भूमितीवरची व्याख्याने एस. रमणन यांनी लिहून काढली. उतरवणारे हे तरुण थोड्याच वर्षांत स्वतः नावाजले गेले.

याच सुमारास संस्थेत भौतिकशास्त्राचीही ये-जा सुरू होती. डिसेंबर १९५० मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने मूलकणांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १९५४-५५ मध्ये पॉल डिरॅक यांनी इथे पुंज यामिकीवर व्याख्याने दिली. इलेक्ट्रॉनचे जे समीकरण डिरॅक यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचे भूमितीतले रूप पुढे मुंबईच्या गणितात मध्यवर्ती ठरणार होते.

गणिताचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद फेब्रुवारी १९५६ मध्ये झीटा फलांवर भरला. विषय संख्या सिद्धांताचा, पण भूमितीच्या दृष्टीने तो विशेष गाजला तो ॲटले सेलबर्ग यांच्या निबंधामुळे. ढोलावर थाप मारली की त्याचे ठरावीक सूर उमटतात. तसेच वक्र पृष्ठभागालाही स्वतःचे सूर असतात, म्हणजे कंपनांच्या वारंवारिता असतात. त्याच पृष्ठभागावर शक्य तितक्या सरळ जाऊन पुन्हा स्वतःला मिळणाऱ्या बंद वाटा असतात आणि त्या प्रत्येकीला लांबी असते. ऋण वक्रतेच्या एका महत्त्वाच्या वर्गातल्या पृष्ठभागांसाठी हे सूर आणि या लांब्या एकाच सूत्राने बांधलेल्या आहेत, असे सेलबर्ग यांनी दाखवले. सूर हा विश्लेषणाचा विषय, बंद वाटा हा भूमिती-टोपॉलॉजीचा. भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे हेच सूत्र पुंज यामिकीतल्या अव्यवस्थित गतीच्या अभ्यासासाठी आदर्श म्हणून घेतले. निबंध ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त १९५६ मध्ये छापला गेला आणि आजही त्याचा दाखला दिला जातो.

त्यानंतर साधारण दर चार वर्षांनी परिसंवाद भरवण्याचा पायंडा पडला. १९६० चा विषय फलनसिद्धांत, १९६४ चा अवकल विश्लेषण, १९६८ चा बैजिक भूमिती, १९७३ चा ली गटांचे विविक्त उपगट. आंतरराष्ट्रीय गणित संघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांचे साहाय्य त्यांना लाभे. हवा सुखद असते म्हणून बहुतेक वेळा जानेवारी महिना निवडला जाई. वाचलेले निबंध ग्रंथरूपाने, पुढे बहुतेकदा ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमार्फत, बाहेर पडत. १९६२ नंतर हे सगळे कुलाब्याच्या नव्या वास्तूत होऊ लागले. तिच्या प्रवेशदालनात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भव्य भित्तिचित्र आहे.

१९६४ च्या संग्रहात मायकेल अटिया आणि राउल बॉट यांचा कडा असलेल्या मॅनिफोल्डवरील इंडेक्सच्या प्रश्नावरचा निबंध आहे. अटिया आणि इसाडोर सिंगर यांनी आदल्याच वर्षी इंडेक्स प्रमेय जाहीर केले होते. अवकल समीकरणाला किती उकली आहेत, हे आकाराच्या टोपॉलॉजीवरून मोजता येते, असे ते प्रमेय सांगते. आकाराला कडा असली तर काय करायचे, हा पुढचा प्रश्न मुंबईच्या निबंधाने घेतला. काही समीकरणांसाठी कडेवर नेहमीच्या पद्धतीच्या अटी घालताच येत नाहीत, ही अडचण त्यातून स्पष्ट झाली. डिरॅक यांच्या समीकरणाचे भूमितीतले भाऊबंद त्यांतच मोडतात. त्या अडचणीवरची वाट काढण्यात दहा वर्षांनी मुंबईच्याच एका गणितज्ञाचा हात होता.

दरम्यान संस्थेच्या स्वतःच्या तरुणांनी मोठे काम केले. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री दोघेही तामिळनाडूतले, दोघांचा जन्म १९३२ चा आणि दोघे १९५३ मध्ये एकाच वेळी संस्थेत दाखल झाले. त्यांचे प्रमेय व्हेक्टर बंडलांविषयी आहे. बंडल म्हणजे काय ते बांगडीवरून समजते. बांगडीच्या प्रत्येक बिंदूवर एक काडी उभी केली आहे असे समजावे. सगळ्या काड्या सरळ उभ्या ठेवल्या तर नळकांड्याची भिंत तयार होते. बांगडीभोवती जाताना काडी थोडी थोडी कलत नेली आणि फेरी पूर्ण होताना ती उलटी झाली, तर पीळ पडलेली पट्टी तयार होते. कुठलाही लहान तुकडा पाहिला तर दोन्ही सारख्याच दिसतात. पीळ आहे की नाही, हे पूर्ण फेरी मारल्यावरच कळते. बांगडीच्या जागी अनेक भोके असलेला बंद पृष्ठभाग आणि काडीच्या जागी अनेक मितींचे अवकाश घेतले की व्हेक्टर बंडल मिळते. काडी एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर कशी न्यायची, या नियमाला कनेक्शन म्हणतात.

अशी बंडले दोन अगदी वेगळ्या मार्गांनी घडवता येतात. एक मार्ग टोपॉलॉजीचा. पृष्ठभागावरच्या प्रत्येक बंद वाटेला लांबी न बदलणारे एक परिवलन जोडून द्यायचे. दुसरा मार्ग बैजिक भूमितीचा. बहुपदींनी व्यक्त होणारी बंडले घ्यायची आणि त्यांतली डेव्हिड मम्फर्ड यांच्या व्याख्येप्रमाणे ‘स्थिर’ असलेली निवडायची. एका दर्शनी साध्या अटीत, म्हणजे बंडलाची डिग्री शून्य असताना आणि परिवलनांचे आणखी तुकडे पडत नसताना, दोन्ही मार्ग नेमके एकाच ठिकाणी पोचतात, असे नरसिंहन आणि शेषाद्री यांनी सिद्ध केले. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये १९६५ साली हे प्रमेय छापून आले. त्याच्या थोडे आधी, १९६१ आणि १९६३ मध्ये, नरसिंहन आणि रमणन यांनी असे दाखवले होते की प्रत्येक कनेक्शन एका सार्वत्रिक कनेक्शनवरून उतरवून घेता येते. चर्न आणि जेम्स सायमन्स यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच निष्कर्षाचा आधार घेतला.

१९६८ चा परिसंवाद बैजिक भूमितीच्या इतिहासात महत्त्वाचा गणला जातो. अलेक्झांडर ग्रोतेंदीक यांची ‘प्रमाण अनुमाने’ त्याच्याच संग्रहात प्रसिद्ध झाली. त्यांतली मुख्य अनुमाने आजही सिद्ध झालेली नाहीत, पण अनेक पिढ्यांच्या संशोधनाची दिशा त्यांनी ठरवली. मम्फर्ड यांनी त्याच सुमारास मुंबईत आबेली मॅनिफोल्डवर व्याख्याने दिली. सी. पी. रामानुजम यांच्या सहकार्याने तयार झालेला त्यांचा ग्रंथ १९७० मध्ये निघाला, आणि तो आजही त्या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानतात.

विजयकुमार पाटोदी यांची गोष्ट या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. मध्य प्रदेशातल्या गुना येथे १९४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. बनारसला पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्रात एक वर्ष राहिले. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे तेव्हा विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. तिथून पाटोदी टाटा संस्थेत आले आणि नरसिंहन व रमणन यांच्याकडे काम करू लागले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न रोजच्या वस्तूंवरून सांगता येतो. चेंडू कितीही चेपला तरी त्याच्या सगळ्या बिंदूंवरच्या वक्रतेची एकूण बेरीज तीच राहते. मेदूवड्याच्या बाहेरच्या कडेवर वक्रता धन असते, भोकाच्या आतल्या बाजूला ऋण, आणि एकूण बेरीज बरोबर शून्य येते. वडा वाकडातिकडा झाला तरी शून्यच. म्हणजे ही बेरीज आकाराच्या तपशिलावर अवलंबून नाही, किती भोके आहेत एवढ्यावरच अवलंबून आहे. गाउस-बोने प्रमेय ते हेच, आणि चर्न यांनी ते जास्त मितींसाठी सिद्ध केले होते.

या प्रमेयाकडे उष्णतेच्या मार्गानेही जाता येते. धातूच्या बंद पृष्ठभागावर एका बिंदूला उष्णता दिली, तर पहिल्या क्षणी ती फक्त आसपास पसरते. तिला जवळच्या वक्रतेपलीकडे काही कळलेले नसते. पुष्कळ वेळ गेला की उष्णता सगळीकडे सारखी होते. तेव्हा वक्रतेचा तपशील पुसला जातो आणि उरते ती फक्त भोकांची मोजदाद. तापमानाबरोबर दिशा असलेल्या राशींनाही असेच पसरू दिले आणि त्यांची आलटून पालटून अधिक-उणे चिन्हांनी बेरीज घेतली, तर ती प्रत्येक क्षणी तीच राहते. मग पहिल्या क्षणाचे उत्तर आणि शेवटच्या क्षणाचे उत्तर एकच असले पाहिजे. अडचण एवढीच होती की पहिल्या क्षणाच्या गणितात अवजड पदांचा डोंगर उभा राहतो. ती पदे प्रत्येक बिंदूवर आपोआप एकमेकांना छेदून टाकत असावीत, असा अंदाज हेन्री मॅकीन आणि सिंगर यांनी १९६७ मध्ये मांडला होता. पाटोदींनी १९७१ मध्ये तो सिद्ध केला. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

या निबंधामुळे त्यांना प्रिन्स्टनचे बोलावणे आले. अटिया आणि बॉट यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये उष्णतेच्या मार्गाने इंडेक्स प्रमेयाची नवी सिद्धता दिली. अटिया आणि सिंगर यांच्यासह १९७५-७६ मध्ये तीन भागांचा निबंध लिहिला. १९६४ च्या मुंबईतल्या निबंधात दिसलेल्या अडचणीवर त्यात वाट सापडली. कडेवर सगळीकडची माहिती एकदम लक्षात घेणारी अट घातली, आणि कडेच्या धन व ऋण वारंवारितांमधली विषमता मोजणारी ‘ईटा’ ही नवी राशी प्रमेयात आणली. आज मूलकणांच्या सिद्धांतातल्या विसंगती आणि विशिष्ट विद्युतरोधक पदार्थांच्या टोपॉलॉजीचे स्वरूप समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ हीच राशी वापरतात. पाटोदी १९७३ मध्ये मुंबईला परतले होते. मूत्रपिंडाच्या विकारात २१ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. भारतीय गणिताने सोसलेल्या मोठ्या हानींपैकी ही एक.

भूमिती आणि भौतिकशास्त्र यांची खरी गाठ याच दशकात पडली. भौतिकशास्त्रज्ञ यांग आणि मिल्स यांनी १९५४ मध्ये मांडलेली, मूलकणांमधल्या बलांचे वर्णन करणारी गेज क्षेत्रे म्हणजे गणितज्ञांची कनेक्शनेच आहेत, हे दोन्ही बाजूंना उमगले. मग अटिया आणि बॉट यांनी यांग-मिल्स समीकरणे अनेक भोकांच्या पृष्ठभागांवर मांडली. सर्वांत कमी ऊर्जेच्या ज्या उकली मिळतात त्या म्हणजे नरसिंहन-शेषाद्री यांचीच बंडले असतात, असे दिसून आले. सायमन डोनाल्डसन यांनी १९८३ मध्ये त्याच प्रमेयाची गेज क्षेत्रांच्या भाषेत नवी सिद्धता दिली. एडवर्ड विटन यांनी १९८९ मध्ये गाठींच्या टोपॉलॉजीला पुंज क्षेत्र सिद्धांताची जोड दिली, तेव्हा त्यांना लागणारी अवकाशे स्थिर बंडलांच्या अवकाशांवरच उभी होती. त्या अवकाशांची मिती सांगणारे एरिक व्हर्लिंडे यांचे सूत्र भौतिकशास्त्रातून आले. त्याला गणिती आधार देणाऱ्यांत नरसिंहन आणि टी. आर. रामदास यांचा १९९३ चा निबंध महत्त्वाचा आहे. नितीन नित्सुरे यांनी १९९१ मध्ये हिग्ज क्षेत्र जोडलेल्या बंडलांच्या अवकाशांची रचना दिली. परिसंवादांचे विषयही याच अंगाने गेले. १९८४ चा परिसंवाद बैजिक मॅनिफोल्डवरील व्हेक्टर बंडलांवर होता, तर १९९२ चा भूमिती आणि विश्लेषणावर.

या परंपरेतला एक गर्दीचा प्रसंग ५ ते १० जानेवारी २००१ दरम्यान घडला. स्ट्रिंग सिद्धांताची दरवर्षी जगात कुठेतरी भरणारी ‘स्ट्रिंग्ज’ परिषद त्या वर्षी टाटा संस्थेत झाली. स्टीफन हॉकिंग तिला आले होते. ८ जानेवारीचा त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस मुंबईतच साजरा झाला. परिषदेतल्या निबंधांचा संग्रह अतीश दाभोलकर, सुनील मुखी आणि स्पेंटा वाडिया यांनी संपादित केला. तो क्ले गणित संस्थेच्या ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. भौतिकशास्त्राच्या परिषदेने गणिताच्या मालेचा आरंभ व्हावा, ही घटनाच दोन्ही शास्त्रे किती जवळ आली होती ते सांगते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर पुढे इटलीतल्या त्रिएस्त येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. मुंबई सोडल्यावर नरसिंहन यांनी याच केंद्राच्या गणित विभागाचे प्रमुखपद सांभाळले होते. समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासह दाभोलकरांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या निबंधात कृष्णविवरांच्या पुंज अवस्था मोजण्यासाठी श्रीनिवास रामानुजन यांची ‘मॉक’ फले वापरली आहेत. १९५६ च्या पहिल्या परिसंवादात झीटा फलांच्या अनुषंगाने ज्या मॉड्युलर रूपांची चर्चा झाली, त्यांच्याच कुळातली ही फले.

संस्थेने हे ज्ञान शहरात नेण्याचाही यत्न केला आहे. २००९ पासून तिच्या शास्त्रज्ञांचा ‘चाय अँड व्हाय’ हा गप्पांचा कार्यक्रम रविवारी भरतो. माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय हे त्याचे एक ठिकाण, आणि त्याला कोणालाही विनाशुल्क जाता येते. संस्थेच्या जुन्या व्याख्यानमाला आता संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. गिरगावात किंवा लालबागमध्ये बसून गणित शिकणाऱ्या मुलामुलीला श्वार्त्झ यांचा १९५५ चा पाठ आजही वाचता येतो. त्या पाठाची प्रत्येक पायरी मुंबईत बसून लिहून काढणारे नरसिंहन तेव्हा तेवीस वर्षांचे होते.